नववा मासा

२६ जुलै, शनिवार

ही वही पुईलिंगने दिली, रक्तदाब लिहायला. सोबत दंडाला गुंडाळायचं यंत्रही दिलं. "बाबा, रोज सकाळी मोजायचा, आकडा लिहायचा, पुढच्या वेळी आले की मला दाखवायचा," असा हुकूम सोडून बाईसाहेब ग्वांगचौच्या बसमध्ये बसल्या. दवाखान्यात तपासणीच्या यंत्रावर नोकरी लागल्यापासून माझ्या मुलीला माणसं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात.

आजचा आकडा १६२/९८. लिहिला. खाली एवढं कोरं पान उरलंय, त्यावर मी मला काय वाटेल ते लिहिणार. घरात बोलायची सोय नाही. जरा आवाज चढला की युनहो म्हणते, "म्हाताऱ्या, गिऱ्हाइकं बघतायत." बायको तशी कमी बोलते, पण जे बोलते ते नेमकं गिऱ्हाइकांसमोर.

झालं होतं एवढंच. मागच्या आठवड्यात दुकानात भाजायच्या बदकात हवा भरताना मला दम लागला. कातडी मांसापासून सुटावी म्हणून पंपाने हवा भरावी लागते, त्याशिवाय ती भट्टीत कुरकुरीत होत नाही. बत्तीस वर्षं हे काम करतोय. त्या दिवशी अर्ध्या बदकातच स्टुलावर बसलो. गरम होत होतं म्हणून बसलो. युनहोने ते पाहिलं आणि लगेच लेकीला फोन. घरात गुप्तहेर पाळलाय मी.

पुईलिंगला माशांच्या टाकीपाशी नेऊन दाखवलं. आठ लाल मासे, एक काळा. लाल बरकत आणतात. काळा रखवालदार. घरावर जे काही येईल ते तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो. आमच्या फोशानमध्ये शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं, हिला सांगावं लागतं. म्हटलं, "दाराशी ही टाकी ठेवून सहा वर्षं झाली. रखवालदार एकदाही मेला नाही. याचा अर्थ काय? या घराकडे काही वाईट फिरकलेलंच नाही. मग माझ्या छातीत काय असणार?"

पुईलिंगने आईकडे पाहिलं. आई कांद्याची पात चिरायला लागली.

२९ जुलै, मंगळवार

१६४/९८.

सकाळी माशांना मीच घालतो. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. लाल आठांना दुकानातले दाणे. रखवालदाराला बदकाची कलेजी, अगदी बारीक चिरून, माझ्या बोटाने. लाल नुसते मिरवतात, काम हा करतो. राबणाऱ्याला चार घास बरे घालावेत हे मला कळतं. तो वर येतो, तोंडाचा चंबू करतो, मी त्याला म्हणतो, काय रे राजा, झोप झाली का, कोणी आलं होतं का दाराशी. पाच मिनिटं. दिवसभरात स्वतःसाठी मला तेवढीच मिळतात. तेवढा वेळ युनहो आत भांडी वाजवत नाही, इतकी तरी अक्कल तिला आहे.

पाणी मात्र हल्ली लवकर गढूळ होतं. वर तेलकट थर येतो. भट्टीचा धूर असणार. युनहो कुरकुरत बदलते.

३ ऑगस्ट, रविवार

मोजला नाही. डोकं फिरलेलं असताना मोजून काय उपयोग.

डावी तंगडी गायब आहे. आमच्या गिऱ्हाइकांना डावीच लागते. बदक उजव्या पायावर उभं राहून झोपतं, म्हणून डावा पाय मऊ, असं त्यांचं म्हणणं. म्हातारी फूंग दर रविवारी डाव्या तंगडीसाठी अर्धा तास आधी येऊन बसते. आज बघतो तर तिच्यासाठी कालच काढून ठेवलेली तंगडी नाही. मी ओरडलो. युनहो म्हणाली, "उजवी दे त्यांना." म्हातारीने उजवी अशी धरली जणू मी तिला चप्पल दिली.

नंतर लक्षात आलं. युनहो काल संध्याकाळी झाकणाचा डबा घेऊन बाहेर पडली होती.

"काल कुठे गेली होतीस?"

"बाजारात."

"डबा कशाला?"

"सूप नेलं होतं."

"कोणाला?"

"म्हाताऱ्या, गिऱ्हाइकं बघतायत."

डबा बाहेरून ओला होता. सूप नेताना एवढं सांडतं का.

एक चांगली गोष्ट. काल रखवालदार मलूल होता, शेपटीचा कोपरा विरलेला, एका अंगावर कलत होता. जरा धास्तावलोच. आज सकाळी बघतो तर शेपूट अख्खी, अंगावर तकाकी, नुसता सळसळतोय. एका रात्रीत. माणसाला महिना लागला असता. अशी ताकद असते या माशांत, आणि माझी मुलगी मला यंत्रं दाखवते.

९ ऑगस्ट, शनिवार

१७०/१०२. यंत्र स्वस्तातलं दिसतंय.

भुतांच्या महिन्याची चौदावी तिथी, पितरांना जेवू घालायचा दिवस. आज ज्याला त्याला बदक हवं. पितरांनाही बदकच लागतं, जिवंतांनाही. पहाटेपासून भट्टीपुढे उभा होतो. जवाची काकवी आणि व्हिनेगर चोपडून चोपडून हात चिकट झाले. दुपारी दोनला शेवटचं बदक गेलं आणि डावा हात खांद्यापासून करंगळीपर्यंत ठणकायला लागला. सुरी मी उजव्या हाताने चालवतो, पण बदक धरायला डावाच लागतो ना. साधी गोष्ट आहे. युनहोला सांगितलं नाही. ती लगेच फोन उचलते.

तरी फोन आलाच. पुईलिंगने परस्पर वेळ घेऊन ठेवली होती, चौदा तारखेची. मनगटातून नळी घालतात, रंग सोडतात आणि हृदयाचे फोटो काढतात म्हणे.

"भुतांच्या महिन्यात?" मी म्हटलं. "या महिन्यात लोक घर बदलत नाहीत, लग्नं करत नाहीत, आणि मी मनगटाला भोक पाडून घेऊ?"

"बाबा, दवाखान्यात या महिन्यातही माणसं बरी होतात."

"मग त्यांचे फोटो काढ."

मग तिच्या त्या दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "महिना संपल्यावर येणार ना? चार सप्टेंबर. लिहून ठेवते." मी बरं म्हटलं, फोन संपावा म्हणून.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज जे पाहिलं ते लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. रागाने.

व्हिनेगर संपलं म्हणून सायकल काढून मी स्वतः गेलो. चढावर दोनदा उतरावं लागलं, रस्ता फार वाईट केलाय. येताना माशांच्या बाजारावरून आलो. तिथे सातव्या लोचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. सात भावंडांतला शेवटचा, म्हणून सगळे त्याला सातवा म्हणतात. बायको जाऊन आठ वर्षं झाली, पुढचे दोन दात नाहीत, अंगाला कायम पाण्याचा वास. आमची टाकी त्याच्याकडूनच आणली होती.

त्याच्या दुकानात, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, माझी बायको. सातव्याच्या हातात माझी डावी तंगडी. तो खात होता आणि काहीतरी सांगत होता, आणि युनहो हसत होती. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. घरी ती अशी हसलेली मला आठवत नाही. घरी हसण्यासारखं काय आहे म्हणा, मी दिवसभर भट्टीपुढे जळत असतो.

मी थांबलो नाही. सरळ घरी आलो. आल्यावर छाती भरून आली होती, जिन्यावर बसावं लागलं. संतापाने माणसाचं असं होतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तीन दिवस बोललो नाही. तिला ते कळलंही नसावं, हा आणखी एक अपमान. आज मीच तोंड उघडलं.

"त्या सातव्याला माझी तंगडी कशासाठी?"

युनहो बदकं टांगत होती. "सातभाऊंना आवडते."

"सातभाऊ." मी म्हटलं. "बत्तीस वर्षांत मला कधी एवढ्या प्रेमाने हाक मारली नाहीस."

"तू हाक ऐकायला थांबतोस कुठे?" ती म्हणाली. "हाक मारायला तोंड उघडावं तर तू आधीच ओरडतोस." वर म्हणते, "अरे, त्यांना दात नाहीत, उजवी चाववत नाही."

आकडा १७६/१०४. हा आकडा माझा नाही, तिचा आहे.

रखवालदार जरा लहानखुरा दिसतोय. माझी काळजी करून वाळला असणार. आज कलेजी दुप्पट दिली. या घरात माझ्यासाठी वाळणारं कोणी आहे तर तो.

२७ ऑगस्ट, बुधवार

भुतांचा महिना संपला आणि पुईलिंग स्वतः आली. रजा काढून. वही मागितली. मी दिली नाही. यात आता आकड्यांपेक्षा बाकीचंच जास्त आहे.

"बाबा, चार तारीख."

"आठला मध्यशरदाचा सण. चारला मी तिकडे पडलो तर इथली बदकं कोण भाजणार? तुझं यंत्र?"

"आई भाजेल."

"आईला भट्टीचं काय कळतं?"

युनहो शेजारीच उभी होती. खरं तर गेल्या महिन्यात अर्धी बदकं तिनेच भाजली, पण ते माझ्या देखरेखीखाली.

मग पुईलिंगचा आवाज चढला. माझाच आवाज आहे तिच्यात, चांगला खणखणीत. म्हणाली, "जिन्यावर बसता, हात दाबत फिरता, पंप अर्ध्यात सोडता. मी रोज अशी माणसं बघते. काही चालत येतात आणि काही आणावी लागतात. तुम्हाला कसं यायचंय ते ठरवा." आणि रडायला लागली. एवढी तिशीला आलेली बाई, दुकानात उभी राहून रडते.

मला ते सहन झालं नाही. मी टाकीकडे बोट दाखवून सांगितलं, "हा आहे ना तोपर्यंत मला काही होत नाही. ज्या दिवशी हा मेलेला दिसेल त्या दिवशी मी स्वतः चालत तुझ्या दवाखान्यात येतो. सगळ्यांसमोर शब्द देतो."

युनहोने हातातली सुरी फळीवर ठेवली. हळूच, आवाज न करता. मग पुईलिंगला म्हणाली, "डोळे पूस. बस चुकेल."

मी जिंकलो. रात्री नीट जेवण गेलं नाही, पण जिंकलो.

३१ ऑगस्ट, रविवार

रखवालदार गेला.

सकाळी कलेजी घेऊन टाकीपाशी आलो तर पोट वर करून तरंगत होता. युनहो आधीच तिथे उभी होती. हात पुढे बांधून, वाट बघत असल्यासारखी. मी त्याला ओंजळीत घेतलं. सहा वर्षं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे या वहीत लिहायला हरकत नाही, भट्टी पेटलेली होती आणि धूर होताच.

"चल," युनहो म्हणाली. "शब्द दिलायस. पुईलिंगला फोन केलाय मी. कपडे भरून ठेवलेत."

मी आत जायला वळलो होतो. खरंच वळलो होतो. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रखवालदार मेला, म्हणजे काय? म्हणजे जे यायचं होतं ते आलं. आणि ते त्याने अंगावर घेतलं. हिशेब मिटला. आज सकाळपासून हातही दुखत नव्हता. म्हणजे पुईलिंगचं खरं होतं, माझ्यावर काहीतरी होतंच, पण आता नाही. आता दवाखान्यात जायचं म्हणजे त्या मुक्या जिवाच्या मरणावर अविश्वास दाखवायचा.

हे सगळं मी युनहोला समजावून सांगितलं. अगदी शांतपणे. शेवटी म्हटलं, "आता तर मी पूर्वीपेक्षाही सुखरूप आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की तिला चक्कर येतेय की काय असं मला वाटलं. मग तिने कढईतली पळी उचलली आणि भिंतीवर फेकली. बत्तीस वर्षांत या बाईने साधी वाटी आपटलेली नाही. सूप कॅलेंडरवरून ओघळत खाली आलं.

"फोन करून सांग, येत नाही म्हणून," मी म्हटलं. "आणि सातव्याकडून दुसरा काळा घेऊन ये."

"मी आणणार नाही," ती म्हणाली. "आता एकही आणणार नाही."

ती 'आता' असं का म्हणाली कोण जाणे. रागात माणूस काहीही बोलतो.

१ सप्टेंबर, सोमवार

मोजला नाही आणि मोजणारही नाही.

सकाळी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला रखवालदाराची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी मान डोलावली. शिंपी म्हणाला, "फान उस्ताद, मोठं टळलं." म्हातारी फूंग म्हणाली, "एवढा इमानी मासा. माझ्या नवऱ्यालाही असा एक हवा होता." रांग दारापर्यंत होती आणि सगळे माझ्या बाजूने होते.

युनहो फळीवर बदक तोडत होती. मान वर न करता म्हणाली, "हा अकरावा होता."

"काय अकरावा?"

"काळा मासा. सहा वर्षांतला अकरावा." खट्. "या महिनाभरातला चौथा." खट्. "शिंपीदादा, तुम्हाला सॉस वेगळा देऊ का?"

शिंप्याला सॉस हवाय की नको ते सुचेना. रांगेत कोणी हलेना. मी विचारलं, "काय बोलतेयस तू?"

"मेला की मी सातभाऊंकडे जायचे. डब्यात घालून आणायचे. तू उठायच्या आत टाकायचे. हा मी मुद्दाम बदलला नाही. म्हटलं मेलेला दिसला की दवाखान्यात जाशील. तर तू त्यातूनही निसटलास."

"आणि मला सहा वर्षं सांगितलं नाहीस?"

"टाकी आणली तेव्हा तूच म्हणालास. काळा मेला तर गुपचूप बदलायचा, त्याबद्दल घरात एक शब्द बोलायचा नाही, बोललं की टळलेलं परत येतं. मी नाही बोलले." तिने सुरी पुसली. आवाज तोच, कांद्याची पात मागतात तसा. "आज बोलतेय. महिन्याभरात चार मेले, म्हाताऱ्या. चार वेळा कोणीतरी तुझ्यावर नेम धरला. तुझंच शास्त्र आहे, तूच सांग, पाचव्या वेळी मध्ये कोण आहे?"

टाकीत आठ लाल मासे फिरत होते. सगळी रांग टाकीकडे बघत होती.

मी शटर ओढलं. आत गिऱ्हाइकं होती, त्यांना मागच्या दाराने जावं लागलं. बत्तीस वर्षांत दिवसाढवळ्या शटर पडलं नव्हतं. मला माझ्याच घरात सहा वर्षं वेड्यात काढलं. मी सकाळी उठून ज्याला राजा म्हणायचो तो दर काही महिन्यांनी वेगळाच कोणी होता. शेपूट एका रात्रीत भरून आली म्हणे. अख्खा बाजार हसला असेल. सातवा तर दात नसलेल्या तोंडाने हसला असेल, माझी तंगडी चघळत.

आणि चार. काही केलं तरी तो चारचा आकडा डोक्यातून जात नाही. आमच्या भाषेत चार म्हटलं की मरण ऐकू येतं, कोणी चौथ्या मजल्यावर घरसुद्धा घेत नाही.

उद्या आधी सातव्याकडे जातो. त्याचा निकाल लावतो. मग बाकीचं बघू.

११ सप्टेंबर, गुरुवार

दवाखान्यात आहे. वही पुईलिंगने आणून दिली. तिने वाचली असावी, कारण माझ्याकडे बघायचं टाळते आणि मध्येच तिला हसू येतं.

दोन तारखेला सकाळी मी सातव्याच्या दुकानात गेलो. तो फरशी धूत होता.

"अकरा मासे विकलेस माझ्या बायकोला," मी म्हटलं. "रोगी मासे विकतोस?"

"विकले नाहीत, उस्ताद. तंगडीवर दिले," तो म्हणाला. "आणि रोगी म्हणशील तर हे बघ." त्याने एका टोपाकडे बोट दाखवलं. वीस-पंचवीस काळे मासे, चांगले गुबगुबीत. "हे माझ्याकडे वर्षानुवर्षं राहतात. तुझ्याकडेच मरतात. टाकी मी दिली, पाणी नळाचं. आता उरलं कोण?"

मी स्टूल उचललं. त्याच्या डोक्यात घालायला उचललं होतं, खोटं कशाला लिहू. ते डोक्याच्या वर गेलं आणि माझ्या छातीवर कोणीतरी भट्टीचं लोखंडी झाकण ठेवलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. सातव्याने मला मालाच्या तीनचाकीत घातलं, माशांच्या टोपांमध्ये, टोप उतरवायलाही थांबला नाही. पुईलिंगच्या दवाखान्यापर्यंत रस्ताभर तो ओरडत होता, "बाजूला व्हा, बाजूला व्हा, उस्ताद मरतोय." मला तेव्हाही राग आला. दर वळणाला टोप हिंदकळायचे आणि पाणी माझ्या तोंडावर यायचं. एक मासा शर्टात गेला. इथल्या नर्सने त्याला विचारलं, पेशंट कुठल्या तळ्यात बुडाला होता.

हृदयाच्या नळीत दोन जाळ्या बसवल्या. पुईलिंगला रजा नव्हती, ती यंत्रावरच होती. माझ्या हृदयाचे फोटो माझ्या मुलीनेच काढले. नंतर मी विचारलं, "कसे आले?" ती म्हणाली, "हलले होते जरा." फोटो हलले होते की तिचा हात, ते सांगितलं नाही.

डॉक्टर पोरसवदा आहे. म्हणाला, "आणखी एक तास उशीर झाला असता तर." पुढचं वाक्य पुरं करायची त्याला गरज वाटली नाही. मला त्याचाही राग आला. सण इथेच गेला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने कमळबियांचा केक खाल्ला आणि मला वासही घेऊ दिला नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

घरी. १३४/८४.

भट्टी युनहो बघते. दुकान सणाच्या दिवशीही चालू होतं आणि बदकं सगळी गेली म्हणे. म्हातारी फूंग आज मुद्दाम मला सांगायला आली की कातडी पूर्वीपेक्षा चांगली होते. तिला डावी तंगडी द्यायची नाही, असं मी युनहोला सांगितलं.

संध्याकाळी युनहोने यादी वाचून दाखवली. चरबी बंद. कातडी बंद. खारवलेलं बंद. कलेजी बंद.

"कलेजी मी खातच नाही," मी म्हटलं. "माशाला घालतो."

"त्यालाही बंद."

"त्याला का? त्याच्या नळीत जाळी बसवलीय का?"

"तीच खाऊन मरायचे ते," युनहो म्हणाली. "अंगठ्याएवढा जीव आणि रोज बदकाची कलेजी. सातभाऊंनी पहिला मेला तेव्हाच सांगितलं होतं. पाण्यावर तेलकट थर यायचा तो धुराचा नव्हे."

मग जो भडका उडाला तो डॉक्टरने पाहिला असता तर मला परत आत टाकलं असतं. म्हणजे मीच मारले. अकराच्या अकरा, लाडाने, राजा राजा म्हणत. आणि हिला माहीत होतं. मी म्हटलं, "पहिल्याच वेळी कळलं होतं तर तेव्हाच सांगायचं. एक वाक्य. कलेजी घालू नकोस. एवढं एक वाक्य तुला सहा वर्षांत जमलं नाही?"

युनहो समोर बसली. ती कधी बसत नाही.

"सांगितलं असतं तर तू भांडला असतास," ती म्हणाली. "सातभाऊंशी, माझ्याशी. मग टाकी उचलून गटारात ओतली असतीस. तुला ओळखते मी."

"ओतली असती. मग?"

"मग सकाळची ती पाच मिनिटं गेली असती." ती हाताला लागलेली काकवी नखाने काढत होती. "काय रे राजा, झोप झाली का. मी आत भांडी ठेवून उभी राहायचे. आपलं लग्न ठरलं तेव्हा तू त्या आवाजात बोलायचास. दिवसभर नंतर ओरडलास तरी चालायचं, सकाळी तेवढा ऐकलेला असायचा. कधीमधी एक तंगडी गेली त्यासाठी. मला महाग वाटलं नाही."

राग होता, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. ती उठून भट्टी विझवायला गेली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरने रोज थोडं चालायला सांगितलंय. चालत सातव्याकडे गेलो. हातात डबा, डब्यात डावी तंगडी. त्याने स्टूल आधी उचलून आत ठेवलं, मग मला आत घेतलं. त्याने निवडून एक काळा दिला. म्हणाला, "फक्त दाणे, उस्ताद." मला शिकवतो.

येताना पाणी सांडलं. डबा बाहेरून ओला झाला.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी टाकीपाशी गेलो. लाल आठांना दाणे, काळ्यालाही दाणेच. तो वर आला, तोंडाचा चंबू केला. मी वाकलो आणि तोंडातून शब्द फुटेना. इतकी वर्षं बोलत होतो ते कोणी ऐकत नाही असं समजून. आता माहीत आहे. आत भांडी वाजत नव्हती.

रागच आला. स्वतःच्या घरात माणसाला चोरासारखं उभं राहावं लागतं. सरळ निघून जाणार होतो. दोन पावलं गेलोही. मग परत आलो, टाकीवर वाकलो आणि माशाला म्हटलं, "काय रे राजा, युनहो जेवली का?"

आत एक भांडं वाजलं.

"अजून नाही," ती म्हणाली.